पाण्यात उतरून वाचायची कविता

कविता वाचताना आपले पाय कुठे असतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. डोळे ओळींवरून चालतात, ओठ किंचित हलतात, आत कुठेतरी ठेका धरला जातो. पाय मात्र टेबलाखाली, पांघरुणात, लोकलच्या गर्दीत दुसऱ्या कुणाच्या पिशवीला टेकून, कवितेपासून फार दूर, आपापले पडलेले असतात. कवितेनं त्यांच्याकडे कधी काही मागितलेलं नसतं. माझ्या पायांकडे कवितेनं पहिल्यांदा काही मागितलं ते कोचीत, समुद्राकाठच्या एका जुन्या वखारीत. तिचं मागणं एवढंच होतं. चपला काढ आणि पाण्यात ये.

ती वखार ॲस्पिनवॉल हाउसमधली. जॉन ॲस्पिनवॉल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं १८६७ मध्ये फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर हा पसारा मांडला, आणि मग कित्येक दशकं इथून खोबरेल गेलं, मिरी गेली, सुंठ, हळद, गवती चहाचं तेल, काथ्या, कॉफी, रबर गेलं. आता त्यातलं काही उरलेलं नाही. उरली आहेत उंच कौलारू छपरं, खाऱ्या वाऱ्यानं पापुद्रे सुटलेल्या भिंती, आणि दुपारची उन्हं कलली की तुळयांतून, फरशीच्या सांध्यांतून वर येणारा एक पुसट, तिखट, उबदार वास, ज्याला नाव देता येत नाही पण जो नाकाला कधीचा ओळखीचा वाटतो. माणसं लवकर जातात. वासांना जायला वेळ लागतो.

दर दोन वर्षांनी या वखारींत, भोवतालच्या गोदामांत आणि गल्लीबोळांत कोची-मुझिरिस बिनाले हे कलाप्रदर्शन भरतं. मी सांगते आहे ते तिसऱ्या खेपेचं. १२ डिसेंबर २०१६ ला ते मांडलं गेलं आणि २९ मार्चला उठलं. मोजून १०८ दिवस, जपमाळेत मणी असतात तेवढे. त्या खेपेची सूत्रं सुदर्शन शेट्टी यांच्याकडे होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून शिल्पाकडे वळलेला हा कलावंत. डोळ्याच्या बाहुलीत काहीतरी आकार घेतं आहे, अशा अर्थाचं नाव त्यांनी त्या प्रदर्शनाला दिलं होतं, आणि चित्रकार-शिल्पकारांच्या पंगतीला त्यांनी कवी आणून बसवले होते. मला ती फार धीराची गोष्ट वाटते. कवी आला की आपण त्याला माईक देतो, शाल देतो, पाण्याचा पेला देतो. शेट्टींनी कवींना जागा दिली. कुणाला खोली, कुणाला अंगण, कुणाला अंधार, कुणाला अख्खं गाव.

चिलीच्या राउल सुरिता यांनी खोलीत समुद्र घेतला. लांबलचक वखार आणि तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्राचं पाणी. बाजूच्या भिंतींवर मोठ्या पांढऱ्या फलकांवर थोडक्या शब्दांचे प्रश्न. तुला ऐकू येतं का, तुला दिसतं का, अशा जातीचे, विचारणारा कोण ते न सांगता विचारलेले. आणि समोर, पार पलीकडच्या भिंतीवर, एक कविता. दारात उभं राहिलं तर ती नुसती करड्या रेघांची ओळ दिसते. काहीतरी लिहिलं आहे एवढं कळतं. वाचायचं असेल तर वाट एकच, पाण्यातून.

मी उतरले. पहिल्या पावलाला पाणी गार लागलं, चार पावलांनी कोमट झालं, आणि तळाशी वाळूचा कण तळव्याला बारीकसा बोचून गेला. दारातून आलेला उजेड पाण्यावर पडून तिथून उठत होता आणि भिंतींवरच्या प्रश्नांवर थरथरत होता, त्यामुळे एकेक प्रश्न आत्ताच कुणाच्या तरी ओठांवर आलाय असं वाटत होतं. पाण्यात घाई करता येत नाही. ते पोटऱ्यांना धरून ठेवतं, प्रत्येक पावलाचा आवाज करतं, तो आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो, आणि मग माणूस आपोआप हळू होतो, बोलणं खाली येतं, श्वास ऐकू यायला लागतो. एरवी एका नजरेत टाकली असती ती ओळ मी पाच-सहा पावलं चालून वाचत होते.

माझ्या पुढे एक मराठी कुटुंब चाललं होतं. बाप, मागे आई, आणि दोघांच्या मध्ये फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरलेली एक लहान मुलगी. तिच्या तर गुडघ्यांपर्यंत पाणी.

"बाबा, यात मासे आहेत?"

"नाहीत गं."

"मग खेकडे?"

"हळू चाल. पडशील."

ती मुद्दाम पाय आपटत होती. उडालेल्या पाण्याला हसत होती, आणि ते हसू उंच छपराला लागून साऱ्या वखारीत सांडत होतं. कुणी तिला गप्प केलं नाही. बाप आधी पोचला. भिंतीसमोर उभा राहून तो वाचत राहिला, बराच वेळ, आणि मग काही न बोलता वळला, दोन पावलं मागे आला आणि त्यानं मुलीला उचलून कडेवर घेतलं. "बाबा, मला चालायचंय ना," ती म्हणाली. "थांब जरा," एवढंच तो म्हणाला.

मग मी वाचली.

२ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानात, बोद्रूमजवळच्या वाळूत, लाल सदरा घातलेलं एक मूल पालथं पडलेलं जगानं पाहिलं. आलान कुर्दी. त्या फोटोवर जग रडलं. पण त्याच नावेत आलानचा भाऊ होता, पाच वर्षांचा गालिप, आणि त्यांची आई होती. ती दोघंही त्याच रात्री बुडाली. गालिपचा तसा फोटो निघाला नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणाला रडायचं सुचलं नाही. भिंतीवरची कविता गालिपची होती. पृथ्वीच्या पार दुसऱ्या कडेला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कवीनं त्या न दिसलेल्या मुलाशी बापाचं नातं सांगितलं होतं. त्या रचनेचं नावही साधं होतं, दुःखाचा समुद्र.

वाचून झालं तरी सुटका नव्हती, कारण परतायचं होतं आणि परतीची वाटही पाण्यातूनच होती. येताना ते एका वखारीत भरलेलं पाणी होतं. जाताना तो समुद्र होता. तोच कोमटपणा, तीच वाळू, तोच पावलांचा आवाज, आणि तरीही प्रत्येक पाऊल टाकताना खाली कुणी नाही ना, असं वाटून पाय अलगद पडत होते. पुस्तकातली कविता आपण मिटून ठेवू शकतो. ही मिटत नव्हती. ती ओली होऊन माझ्या सलवारीच्या काठाला चिकटली होती आणि पुढे दिवसभर, सुकून मिठाची बारीक रेघ उमटेपर्यंत, माझ्याबरोबर फिरत होती.

पाण्यात गेलेले शब्द म्हटले की मराठी मनाला इंद्रायणी आठवतेच. देहूच्या डोहात बुडवलेली गाथा, काठावरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसलेले तुकोबा, तेरा दिवस, आणि मग पाण्यावर कोरड्या तरंगून आलेल्या वह्या. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझं लक्ष नेहमी त्या वर येण्याकडे असायचं. आता ते मधल्या दिवसांकडे जातं. शब्द खाली, कवी काठावर, मध्ये वाहतं पाणी. सुरितांची गोष्ट त्याच काठावरून सुरू होते. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्करानं सत्ता घेतली तेव्हा वाल्परायसो बंदरात त्यांना पकडलं आणि एका मालवाहू जहाजाच्या तळात शेकडो कैद्यांबरोबर कोंडलं. जवळ कवितांचे कागद होते. सैनिकांनी ते समुद्रात फेकून दिले, असं ते सांगत आले आहेत. ते कागद वर आले नाहीत. पुढच्या वर्षांत त्याच राजवटीनं मारलेल्या कित्येकांची प्रेतं हेलिकॉप्टरमधून त्याच समुद्रात टाकली गेली, त्यांतलीही बहुतेक वर आली नाहीत. ज्याच्या समुद्रानं एवढं काही परत दिलं नाही, त्यानं कोचीच्या समुद्राचं पाणी खोलीत आणून आपल्याला त्यातून चालवलं. त्याच्या जागी उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

याच माणसानं जून १९८२ मध्ये न्यूयॉर्कवरच्या आभाळात कविता लिहिली होती. पाच विमानं, पांढरा धूर, पंधरा ओळी, एकेक ओळ काही किलोमीटर लांब, भाषा स्पॅनिश. त्या शहरातल्या हॉटेलांत भांडी घासणाऱ्या, फरशा पुसणाऱ्या कितीतरी माणसांची घरची भाषा. मी त्या दिवसाचा विचार पुष्कळदा करते. रस्ता ओलांडताना कुणीतरी सहज मान वर केली असेल आणि परदेशच्या आभाळात आपली भाषा पांढऱ्याशुभ्र अक्षरांत उमटताना पाहिली असेल, एक शब्द, दुसरा शब्द, आणि तिसरा येईपर्यंत पहिल्याच्या कडा वाऱ्यानं विसविशीत होऊ लागल्या असतील. अख्खी ओळ एकाच वेळी धरता येत नसेल. जेवढी वाचली तेवढी आपली. एवढ्या मोठ्या कागदावर, एवढ्या थोड्या वेळासाठी लिहायला काय धैर्य लागत असेल! की त्याचे कागद एकदा बुडाल्यामुळेच त्याला ते धैर्य आलं होतं?

वखारीतून बाहेर पडले की गाव सुरू व्हायचं, आणि गावातही अक्षरं होती. सर्हियो चेहफेक या अर्जेंटिनाच्या लेखकानं आपली अख्खी कादंबरी ८८ तुकडे करून गावातल्या भिंतींवर पेरली होती. एक तुकडा मसाल्याच्या गोदामावर, एक कुणाच्या कुंपणाच्या भिंतीवर, एक वळणावर जिथे रिक्षा उभ्या राहतात तिथे. सगळे सापडणं अवघड, क्रमानं सापडणं तर अशक्यच. ती कादंबरी राफाएला बारोनी या व्हेनेझुएलातल्या बाईविषयी आहे, जी लाकडात संतांच्या आणि मेरीमातेच्या मूर्ती कोरत असे आणि जिवंतपणी स्वतःच्या मरणाचा सोहळा मांडून त्यात शवपेटीत झोपत असे. लाकडात माणसं शोधणाऱ्या बाईची गोष्ट, आणि ती शोधायला गल्ल्यांतून हिंडणारे आपण.

मट्टानचेरीच्या त्या गल्ल्यांत हिंडणं हेच एक वाचन होतं. दुपारचं ऊन भिंतीच्या वरच्या अर्ध्यावर, खालच्या अर्ध्यात सावली आणि सावलीत शेळ्या. शेळीच्या पाठीमागे दोन शब्द झाकलेले. ती उठेपर्यंत थांबावं, तर तेवढ्यात हातगाडी येऊन उभी राहते आणि वाक्याचा शेवट आल्याच्या पोत्यांमागे जातो. कुठे शेवाळ, कुठे बोगनवेलीची फांदी, कुठे कालच्या सभेचं अर्धं फाटलेलं पोस्टर. असा अडथळ्यांतून वाचलेला मजकूर मला छापील पानापेक्षा अधिक लक्षात राहिला आहे, आणि तो वाचताना मी खाल्लेल्या केळ्याच्या भज्यांसकट राहिला आहे. एका भिंतीखाली एक म्हातारबाबा खुर्ची टाकून बसले होते. भिंत त्यांच्या घराची. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की लोक येतात, वाचतात, फोटो काढतात, कुणी नुसते उभे राहतात. तुम्ही वाचलंत का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ही भाषा त्यांना वाचता येत नव्हती. पण पोरांना इथे पोस्टर लावू देत नाही, ते म्हणाले. आणि हाताच्या पंजानं त्यांनी त्या ओळींवरची धूळ पुसली, घरच्या कुणाच्या तरी कपाळावरून हात फिरवावा तशी.

भिंतीवर काय लिहिलं आहे ते ठाऊक नसतानाही तिची राखण करणारा तो माणूस मला त्या कादंबरीचा सगळ्यात जवळचा वाचक वाटतो. मी लांबून आले होते आणि निघून जाणार होते. तो तिच्याशेजारी सकाळचा चहा पीत होता.

ॲस्पिनवॉलच्याच आवारात स्लोव्हेनियाच्या आलेश श्टेगर यांनी हद्दपार कवींचा पिरॅमिड बांधला होता. माती आणि शेण लिंपलेला, बाहेरून मुका. आत शिरलं की अरुंद, वळत जाणारी वाट आणि किर्र अंधार. शेणाचा वास आला आणि मला क्षणभर आजीचं सारवलेलं माजघर आठवून हायसं वाटलं, पण पुढच्याच वळणावर हाताला भिंत लागेना आणि पोटात गोळा आला. मग आवाज. न समजणाऱ्या भाषांत कुणी काही म्हणत होतं. ज्यांना त्यांच्या शहरांनी घालवून दिलं त्या कवींचे शब्द: काळ्या समुद्राकाठी धाडलेला ओव्हिड, फ्लॉरेन्समध्ये पुन्हा कधी पाऊल न टाकू शकलेला दांते, ब्रेश्ट, महमूद दरवीश. अंधारात भाषा कळत नसली की फक्त कंठ उरतो. घर मागणारा कंठ कुठल्याही भाषेत ओळखू येतो. त्याच्यावर आणखी काही लिहिण्यापेक्षा मी एवढंच सांगेन की बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांना लागलं आणि मी कितीतरी वेळ झाडाखाली नुसती बसून राहिले.

त्या संध्याकाळी चेरलायी भागातून चालताना ओट्यावर बसलेल्या दोन बायकांचं बोलणं कानावर आलं आणि पाय थबकले. कोंकणी! मल्याळीच्या समुद्रात मधेच वर आलेलं आपलं बेट. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली कुटुंबं देव बरोबर घेऊन दक्षिणेकडे आली, त्यांतली कितीतरी इथे कोचीत थांबली, आणि इतक्या पिढ्यांनंतरही चुलीपाशी, देवळात, ओट्यावर तीच बोली आहे. याच कोचीत १६७५ मध्ये रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी मलबारच्या वनस्पतींवर डचांनी करवलेल्या मोठ्या लॅटिन ग्रंथासाठी साक्षीपत्र लिहून दिलं. कोंकणी भाषेत, नागरी लिपीत. ते पुढे ॲम्स्टरडॅमला ग्रंथासोबत छापलं गेलं. परक्या मुलखात, परक्यांच्या पुस्तकात, आपल्या वळणाची अक्षरं. त्या मातीच्या पिरॅमिडमध्ये एखादा आवाज या तिघांच्या गावातला असता तरी तो तिथे शोभून दिसला असता, असं त्या ओट्यापाशी उभी असताना मला वाटत राहिलं.

कोचीला हे सगळं शोभतं, कारण कोची स्वतःच एका पुरातून जन्मलेलं आहे. मुझिरिस हे रोमपर्यंत मिरी पाठवणारं पुरातन बंदर. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, वाळूनं जुन्या वाटा बुजल्या आणि समुद्रानं कोचीपाशी नवं तोंड उघडलं. इथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं. थोड्याच वर्षांत त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि इथे नुसती शिळा राहिली. दर ३१ डिसेंबरला मध्यरात्री फोर्ट कोचीत पाप्पांजी नावाच्या म्हाताऱ्याचा अवाढव्य पुतळा जाळतात, गाव लोटतं, वर्ष जळतं. उभारायचं आणि जाऊ द्यायचं, हे या गावाला शिकवावं लागत नाही.

पहिल्या बिनालेत, २०१२ मध्ये, रॉबर्ट मॉन्टगोमरी या स्कॉटलंडच्या कवी-शिल्पकारानं याच किनाऱ्यावर दिव्यांच्या अक्षरांची कविता उभी केली होती. हा माणूस पूर्वी लंडनमध्ये जाहिरातींच्या फलकांवर रात्री आपल्या कविता चिकटवत असे. लाकडाची मोठाली अक्षरं उभारून ती पेटवूनही देतो. इथे त्याच्या ओळी समुद्राकडे तोंड करून होत्या, नावेतून येणाऱ्यासाठी. एर्नाकुलमकडून येणाऱ्या बोटीत मासळीच्या टोपल्या, दप्तरं, दमलेली माणसं, आणि पाण्याच्या पलीकडे, चिनी जाळ्यांच्या काळ्या सांगाड्यांशेजारी, उजळत जाणारं एक वाक्य. ज्यानं तिकीट काढलं ते घरी जाण्यासाठी. कवितेसाठी कुणी निघालेलं नव्हतं. तरी ती भेटत होती, रोज, त्याच वळणावर, आणि काही महिन्यांनी एके संध्याकाळी बोट वळली तेव्हा तिथे नुसता अंधार होता. मला खात्री आहे, त्या संध्याकाळी बोटीतल्या कुणीतरी ती रिकामी जागा वाचली.

दगडात कोरलेल्या कवितेला मी उणं लेखत नाही. देहूच्या गाथा मंदिरात संगमरवरावर कोरलेले हजारो अभंग पाहताना माझाही हात जोडला जातो, आणि बुडवलेल्या शब्दांना अखेर दगडाचा आधार मिळाला याचं समाधान वाटतं. पण हात जोडले की आपण थोडे दूर उभे राहतो. उद्या नसणाऱ्या ओळीजवळ माणूस अधिक जवळ जातो. तिला पुसून घेतो, तिच्यासाठी शेळी उठायची वाट पाहतो, पाण्यात उतरतो. ती इथे राहणार नाही हे माहीत असल्यामुळे तिला कुठेतरी ठेवायची जबाबदारी आपल्यावर येते. आणि आपल्याजवळ ठेवायला जागा तरी कोणती आहे? पाय, कान, तळव्याची कातडी. गालिप कुर्दीचं नाव मी कुठल्याही स्मारकावर वाचलेलं नाही. माझ्या तळव्यांना ते माहीत आहे.

आपल्या गावांत भिंतींची वाण नाही. एसटी स्टँडच्या भिंती आहेत, बाजार समितीच्या, शाळांच्या, बंद पडलेल्या गिरण्यांच्या, मांडव्याच्या आणि भाऊच्या धक्क्याच्या. त्यांच्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात, शुभेच्छुकांचे चेहरे लागतात, आणि खाली बसून गाडीची वाट पाहणारी माणसं तेच पुन्हा पुन्हा वाचतात, कारण वाचायला दुसरं काही नसतं. ज्या भाषेत ओवी जात्यावर जन्मली आणि अभंग वाटेवर चालत राहिला, त्या भाषेतली कविता सभागृहाच्या दाराआड, ठरलेल्या श्रोत्यांपुढे, ठरलेल्या तारखेला बसून राहते. ती पुन्हा रस्त्यावर यायला हवी, आणि येताना तिनं शिल्पकाराचा हात धरून यावं, म्हणजे तिला अंग मिळेल, तिच्याभोवती फिरता येईल, तिच्या सावलीत बसता येईल.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या घराची, शाळेची, दुकानाची एखादी भिंत रस्त्याकडे तोंड करून असेल, तर ती एका उन्हाळ्यापुरती गावातल्या एखाद्या कवीला द्या. पेणच्या नाहीतर तुमच्याच आळीतल्या एखाद्या मूर्तिकाराला सांगा, की या वेळी शाडूत अक्षरं घडव, माणसाच्या उंचीची, हात लावता येतील अशी. खर्च फार येणार नाही. परवानगी मागावी लागली तर मागा, चारदा खेटे घालावे लागले तर घाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचू द्या, पोरांना अक्षरांवर चढू द्या. पहिल्या पावसात ती विरघळतील, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यासाठी दुसरा कवी शोधायला लागा.